मोकळ्या सोडलेल्या ओळी

कल्याणीच्या पत्राला विश्वजीतने उत्तर दिलं नव्हतं.

पत्र तसं लहानच होतं. 'समाधानची गिटार घरात आहे. मला वाजवता येत नाही आणि विकवत नाही. कुणाला द्यायची ते तुम्ही सांगा. फोन उचलत नाही म्हणून लिहिते आहे.' विश्वजीतच्या बँडमधल्या जोडीदाराला, समाधानला, जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. विश्वजीतने पत्र वाचलं, घडी घातली आणि हातातल्या पुस्तकात खुणेला ठेवलं. पुढे ते पुस्तकही वाचायचं राहून गेलं.

उत्तर अवघड नव्हतं. एक नाव लिहायचं होतं. पण ते नाव लिहिलं की समाधान खरोखरच गेला असं झालं असतं, आणि त्याचा हात तिथेच अडत होता. पुण्यानुमोदनाच्या, समाधानला शेवटची आदरांजली वाहायच्या दिवशीसुद्धा तो हडपसरजवळच्या मांजरी गावात त्याच्या घरी गेला, मांडवाच्या कडेला जरा वेळ उभा राहिला आणि कुणाला न भेटता परतला. चाळीस वर्षं स्टेजवर इलेक्ट्रिक गिटार वाजवलेला माणूस. पण गिटार खाली ठेवली की हातांचं काय करायचं ते त्याला कधी कळलं नाही.

मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो मंडईत भाजी घेत असताना मागून आवाज आला.

"पत्राला उत्तर द्यायला वेळ नाही, कारली मात्र एकेक निवडून घेता आहात."

हातातलं कारलं ढिगात पडलं. मागे कल्याणी उभी होती. केस पांढरे झालेले, काखेत ओली छत्री, पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. नजर मात्र तीच, समोरच्याची वही तपासत असल्यासारखी.

"कडू असतात," तो कसाबसा म्हणाला. "निवडावी लागतात."

"गोड निघालेलं कारलं मी तरी अजून पाहिलं नाही."

भाजीवाली पदराआड हसली. विश्वजीत कानापर्यंत लाल झाला, आणि साठीतही आपल्याला असं होतं याचंच त्याला नवल वाटलं.

कल्याणी समाधानची धाकटी बहीण. समाधानचे वडील हडपसरच्या एका कारखान्यात होते. ते तिसऱ्या पाळीला गेले की घर मोकळं व्हायचं, आणि ही पोरं गिटारी घेऊन जमायची. म्हणून बँडचं नावही 'थर्ड शिफ्ट' पडलं. भिंतीपलीकडे कल्याणी बी.एड.चा अभ्यास करायची. भावाचे सगळे मित्र तिचे दादा होते. विश्वजीतला मात्र तिने कधी दादा म्हटलं नाही. त्याला ती नुसतं 'अहो' म्हणायची... आणि पाण्याचा तांब्या ठेवून निघून जायची. त्या 'अहो'चा अर्थ लावण्यात त्याची दोन-तीन वर्षं गेली. तोवर तिचं लग्न ठरलं, ती नागपूरला गेली, शाळेत शिकवू लागली. नवरा वारल्यावर भावाकडे मांजरीला परत आली, आणि आता भाऊही नव्हता.

दोघं चहाला बसले. मुलगा नागपूरला बोलावतो आहे, दिवाळीनंतर जाणार, घर सोडणार, असं तिने सांगितलं. गिटारचं काय ते त्याआधी कळलं पाहिजे.

"बघू," विश्वजीत म्हणाला.

"तुमचं 'बघू' मी विशीपासून ऐकते आहे. लिहूनच कळवा. समोर विचारलं की तुम्ही पुस्तकासारखे मिटता."

त्याने बशीतला चहा एका घोटात संपवला. मग एकदम म्हणाला, "रविवारी... म्हणजे, जमलं तर... हडपसरला कार्यक्रम आहे. समाधानच्या आठवणीत. मी वाजवणार आहे."

"कळवता आहात की बोलावता आहात?"

"बोलावतो आहे."

ती छत्री उचलून उठली. हसली की नाही, ते त्याला दिसलं नाही.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला आणि त्याने तो उचलला. कारली कशी झाली, एवढंच तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी पाच वाजल्यापासून तो फोनशेजारी बसून होता, हातात पुस्तक उलटं.

कार्यक्रमाची सगळी जुळवाजुळव केयूरने केली होती. केयूर म्हणजे विश्वजीतचा जुना विद्यार्थी, आता स्वतःचा बँड असलेला. भांडण एकाच गोष्टीवर झालं. शेवटची धून 'कालवा' होती. ती समाधान आणि विश्वजीतने कालव्याच्या कठड्यावर बसून बांधलेली: एक ओळ याची, एक ओळ त्याची, आणि दोघांच्या मिळून धून पुरी. समाधानच्या ओळी आपण वाजवतो, असं केयूरचं म्हणणं. विश्वजीत नको म्हणाला. त्या ओळी मोकळ्याच राहतील.

"सर, लोकांना वाटेल तुम्ही विसरलात."

"वाटू दे."

रविवारी सभागृह भरलं. जुने कामगार आले होते, कॉलेजची पोरं आली होती. विश्वजीत बोलला काहीच नाही. ते त्याला जमणारं नव्हतं. जुनी गाणी वाजली, ड्रम दणाणले, पोरं उभी राहिली. मग त्याने सगळ्यांना थांबवलं आणि एकट्याने 'कालवा' सुरू केला.

पहिली ओळ वाजली. मग शांतता. त्याच्या पायाचा अंगठा बुटात ताल मोजत होता. कुणीतरी टाळी वाजवली, तिला आणखी टाळ्या मिळाल्या. धून संपली असं लोकांना वाटलं. त्याने दुसरी ओळ उचलली तेव्हा टाळ्या शरमून विरल्या. पुन्हा मोकळी जागा. आता कुजबुज सुरू झाली, म्हातारा अडखळला बहुतेक. केयूरचा हात स्वतःच्या तारांकडे गेला. आपण चुकलो, विश्वजीतला वाटलं. आपलं दुःख आपण लोकांच्या कानावर उगाच घातलं. पुढची ओळ वाजवून उठून जावं.

त्याने ती वाजवली. आणि नंतरच्या रिकाम्या जागेत, समोरच्या अंधारातून कुणीतरी गुणगुणलं.

आवाज सुरेख नव्हता. स्वर जरा खाली उतरत होता. पण ओळ समाधानची होती, जशीच्या तशी, त्याच्या त्या शेवटच्या हेलकाव्यासकट. विश्वजीतने मान वर केली. दिव्यांमुळे काही दिसेना. त्याने आपली ओळ वाजवली आणि थांबला. उत्तर आलं. सभागृहात कुणी हललं नाही.

धून संपायची ती समाधानच्या ओळीने. ती ओळ अर्ध्यावर फुटली, थांबली... मग श्वास घेऊन पुरी झाली. विश्वजीतने ती भरून काढायला बोट उचललं नाही.

बाहेर परतीचा पाऊस लागला होता. कल्याणी पत्र्याच्या आडोशाला रिक्षाची वाट बघत उभी होती.

"तुम्हाला त्या ओळी... कशा?"

"भिंतीपलीकडे बसून मी फक्त बी.एड. करत होते, असं वाटलं तुम्हाला?"

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. मग ती त्याच्याकडे न बघता बोलू लागली. शेवटी दवाखान्यात समाधान हेच गुणगुणायचा. थोडं म्हणायचा, थांबायचा, परत म्हणायचा. नर्सला वाटायचं, दम लागतो. तिलाही तसंच वाटलं होतं.

"एकदा विचारलं, का रे थांबतोस सारखा? तर म्हणाला, ही विश्याची जागा आहे."

विश्वजीतने चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना. कल्याणीने पदराचं टोक पुढे केलं आणि तो काचा पुसत राहिला, लागतो त्याहून जास्त वेळ.

"कल्याणी, मी—"

"आत्ता नको. आत्ता तुम्ही 'बघू' म्हणाल." रिक्षा आली होती. "लिहून कळवा. दिवाळी जवळ आली आहे."

घरी येऊन त्याने ते पुस्तक काढलं. पत्र खुणेच्याच पानात होतं. उत्तर लिहिताना बरेच कागद फाडले. कुठे फार झालं असं वाटलं, कुठे फारच कमी. उजाडता उजाडता एक राहिला.

'गिटार कुणालाही देऊ नका. ती तुमच्याजवळ राहू द्या, आणि तुम्ही इथे राहा. समाधानच्या ओळी मला वाजवता येणार नाहीत, त्या तुम्हीच म्हणायच्या. तुमचा स्वर जरा खाली उतरतो. मी माझ्या तारा उतरवून घेईन. रोज संध्याकाळी येईन म्हणतो. चालेल का, ते फोनवर सांगा. मी उचलतो.'

सकाळी तो पोस्टात गेला. पेटीच्या फटीशी पाकीट धरून बराच वेळ उभा राहिला. मग खिडकीतल्या बाईंना त्याने विचारलं, ही पेटी रोज उघडतात ना?

"रोज उघडतो," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तुम्ही आधी टाका तरी."

त्याने टाकलं.