बाजूचा ब्रेक

ही कानोकानी आलेली गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. आणि मावशी तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

रात्रही नव्हती. दुपारचे चार वाजले होते. खाडीवरचा लांब पूल. पाऊस, आणि आडवा वारा.

मावशीची एकुलती एक मुलगी, म्हणजे आमची ताई, लोकांना गाडी शिकवायची. तिच्या गाडीला ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाजूच्या सीटसमोर, ताईच्या पायाशी. शिकणारा गडबडला की ताई तिकडून दाबायची. खट् असा आवाज व्हायचा, आणि चालवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली जायचा.

मावशीचे यजमान गेले, तेव्हा ताईने ठरवलं की आईला गाडी शिकवायचीच.

"अगं, छप्पन्नाव्या वर्षी मला कशाला?"

"मी जगाला शिकवते आणि माझी आई टॅक्सीवाल्यांशी भांडत फिरते. शोभतं का?"

मावशी स्टेअरिंग जीव खाऊन आवळायची. ताई हसायची. "आई, स्टेअरिंग आहे ते. पिळायला घेतलेलं धुणं नाही. हात सैल सोड."

अवघड जागा आली की मात्र ताई बोलायची नाही. हातातल्या पेन्सिलीने डॅशबोर्डवर वाजवायची.

एकदा टक्... म्हणजे हळू.

दोनदा टक् टक्... म्हणजे जवळ नको, लांब बघ.

मग ताई आजारी पडली. वर्षभर दवाखान्याच्या खेपा झाल्या. गाडी मावशी चालवायची, ताई बाजूला उशी घेऊन बसायची. आणि एक दिवस मावशी दवाखान्यातून एकटीच परत आली.

आठ महिने गाडीवरचं कापड निघालं नाही.

शेवटी पुलापलीकडच्या गॅरेजवाल्याचा फोन आला. गाडीचं सगळं काम पहिल्यापासून त्याच्याकडेच असायचं. "काकू, एका शिकवणाऱ्या माणसाला हवी आहे. उभी राहून सडण्यापेक्षा द्या."

मावशी हो म्हणाली. गाडी स्वतःच न्यायची, एवढंच म्हणाली.

निघताना आभाळ भरलेलं होतं. पुलावर चढली आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. वायपर जोरात फिरत होते, तरी काच धुरकटच. खाडीकडून वारा यायचा आणि गाडीला खांद्याने ढकलल्यासारखा मधल्या पट्टीकडे रेटायचा. मावशी स्टेअरिंग वाऱ्याच्या अंगाला वळवून धरायची. गाडी जेमतेम सरळ राहायची.

मागे फिरायला जागा नव्हती. थांबायलाही नव्हती.

तेवढ्यात...

टक्.

मावशीला वाटलं, काहीतरी सैल झालं असेल. वेग जरा जास्तच होता, हे मात्र तिच्या ध्यानात आलं. तिने कमी केला.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा...

टक् टक्.

मावशीने बाजूला बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही, असं ती म्हणते. तिने लांब बघितलं.

आणि लांबवर तिला दोन लाल दिवे दिसले.

डाव्या लेनमधून, कठड्याच्या अंगाने, मोठा ट्रक रखडत चालला होता.

ट्रक बाजूला आला तसा वारा एकदम बंद झाला. पूर्ण बंद. मावशीचं स्टेअरिंग मात्र अजून वाऱ्याच्या अंगाला वळलेलंच. गाडी झपकन ट्रककडे गेली. तिने घाबरून उलटं ओढलं. त्याच क्षणी ट्रक मागे पडला आणि अडवून धरलेला वारा पुन्हा धाडकन आदळला. आता गाडी मधली पट्टी ओलांडायला निघाली.

ओल्या रस्त्यावर अशा वेळी ब्रेक करकचून दाबायचा नसतो. मावशीला ते माहीत होतं. तरी तिचा पाय उचललाच गेला.

खट्...

मावशीचा पाय अजून टेकलाही नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत ब्रेक आपोआप खाली गेला. हळूच. जेवढा हवा तेवढाच.

स्टेअरिंगही जड झालं. पलीकडून कुणीतरी दोन बोटांनी धरावं, तसं. बोटभर फिरलं... आणि स्थिर झालं.

गाडी आपल्या लेनमध्ये आली.

"बाळा?" मावशी म्हणाली.

नुसता पाऊस.

पण हलकासा आधार स्टेअरिंगवर होता. शंभरेक पावलं असतील, नसतील. मावशी रडत होती आणि गाडी रेघेत चालली होती.

मग स्टेअरिंग हलकं झालं.

टकटक नाही. खट् नाही. काहीच नाही.

"आहेस ना गं? जाऊ नकोस."

मावशीने बाजूला बघितलं. रिकामी सीट.

पुढे तिने काय केलं, ते तिने फक्त मला सांगितलं आहे.

तिने दोन्ही हात स्टेअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

गाडी वाऱ्यावर सरकू लागली. मधली पट्टी चाकाखाली आली... घर्रर्र... समोरून बस येत होती. ड्रायव्हर जीव तोडून हॉर्न वाजवत होता. मावशी वाट बघत होती. आता खट् होईल. आता होईल...

झालं नाही.

शेवटच्या क्षणी मावशीनेच स्टेअरिंग धरलं. तिनेच गाडी ओढून घेतली.

पूल उतरल्यावर तिने कडेला गाडी लावली आणि हमसून हमसून रडली.

गॅरेजवाल्याने डॅशबोर्डखाली बॅटरी मारून बघितलं. मावशी म्हणाली, "दादा, बाजूचा ब्रेक अडकतोय का बघा. आपोआप दाबला गेला आज."

तो उठून उभा राहिला. त्याने हात पुसले.

"काकू, तो कसा दाबला जाईल? दोन्ही ब्रेक जोडणारा दांडाच नाही ना तिथे. ताईंनी काढायला लावला होता."

"कधी?"

"दीड वर्ष झालं. आजारी असताना माझा पोरगा गाडी न्यायला आला, त्याच्याबरोबर आल्या होत्या. या स्टुलावर बसून होत्या, उभं राहवत नव्हतं. म्हणाल्या, आई आता छान चालवते, तिला माझ्या पायाची गरज नाही. आणि तुम्हाला सांगू नका म्हणाल्या. घाबराल म्हणून."

दवाखान्याच्या वाटेवर, प्रत्येक खेपेला, मावशी ताईला विचारायची, "तुझा पाय आहे ना गं ब्रेकवर?"

आणि ताई डोळे मिटून म्हणायची, "आहे, आहे. तू चालव."

मग मावशी म्हणाली, "तो दांडा परत जोडा. गाडी द्यायची नाही मला."

"जोडतो, काकू. पण... बाजूला बसणार कोण?"



याला तीन वर्षं झाली. वादळाचा इशारा आला की लोक गाड्या आत घेतात. मावशी किल्ली घेऊन बाहेर पडते. पुलापार जाते, परत येते. एकटीच. मी एकदा बरोबर येतो म्हणालो, तर नको म्हणाली.

मागच्या महिन्यात न राहवून मी विचारलं, "मावशी, पुन्हा कधी... काही झालं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मी आता फार नीट चालवते ना रे," ती म्हणाली. "म्हणून येत नसेल."

तेव्हापासून वारा सुटला की माझं कामात लक्ष लागत नाही. मी तिला फोन लावतो.

आत्ताही लावलाय. रिंग वाजते आहे...