चाळीस टक्के काळा

“एकोणीस, वीस! खोकले किती?” बारकीनं विचारलं.

“आठ,” ढब्बूनं वहीत रेघ ओढली. “तुझी आई धरून.”

सुट्टीतला हा खेळ काही मजेचा नव्हता. फरशा कापायच्या कारखान्याच्या फाटकासमोर बसायचं, जेवायला बाहेर पडणारी माणसं मोजायची आणि खोकणारी वेगळी मोजायची! पण तिघांच्याही घरी रात्रंदिवस खोकला होता. धूळ ओढणारा पंखा बंद पडून वर्ष झालं होतं. नवा घ्यायचा की नाही, ते साहेबलोक आज चार वाजता ठरवणार होते.

“कसला घेतात!” शंकासुर म्हणाला. सगळ्यात खोट काढायची सवय असल्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं. “तो फळा बघा ना!”

फाटकाच्या आत, साहेबांच्या सभेत दाखवायचा छातीच्या तपासणीचा नवा फळा सुकत ठेवला होता. त्यावर एक मोठं वर्तुळ होतं. हिरवे निरोगी, पिवळ्यांना आजाराची सुरुवात, काळ्यांची फुप्फुसं खराब. बघावं तिकडे हिरवंच! काळ्याची जेमतेम एक फाक.

“विसांत आठ खोकतात आणि काळं एवढंसंच?” बारकी उठली. “ढब्बू, कंपासपेटी काढ!”

वॉचमन डबा खाण्यात दंग होता. तिघं वाकून आत शिरली. बारकीनं कोनमापक लावला. काळा बरोबर चाळीस अंश, पिवळा बरोबर पंचवीस!

“ए, रंग ओला आहे!” पेंटरकाका धावत आले.

“काका, हे आकडे कुठले?”

“नर्सबाईंनी दिले, साहेबांना दिलेल्या कागदातलेच. चाळीस, पंचवीस, पस्तीस. मोजून आखलंय, अंदाजपंचे नाही!”

“पण चाळीस काय? टक्के की अंश?”

“त्यात काय एवढं? तिन्ही आखूनही मोप जागा उरली. बोडकं दिसत होतं, म्हणून उरलेलं हिरवं करून टाकलं. हिरव्याचा डबा भरलेला होता.”

बारकीनं कोनमापक त्यांच्यापुढे धरला. “काका, शंभर टक्के म्हणजे अख्खं वर्तुळ, तीनशे साठ अंश! एका टक्क्याला तीन पूर्णांक सहा दशांश. चाळीस टक्क्यांचे एकशे चव्वेचाळीस होतात!”

काकांनी हातातला ब्रश खाली ठेवला. त्यांचा भाऊ कटाईलाच होता.

“मॅनेजरसाहेबांनी सकाळीच पास केला हा फळा,” ते पुटपुटले. “आता ते ऐकायचे नाहीत.”

“मग विचारायचंच कशाला?” ढब्बू म्हणाला. “फळ्याला मागची बाजू आहे की!”

शंकासुरानं गुणाकार दोनदा तपासले. ढब्बूनं दोरीनं वर्तुळ आखलं. काकांनी हिरवा आणि पिवळा भरला, काळा बारकीनं घेतला. कारखान्यात माणसं बरोबर शंभर होती, तेव्हा एक टक्का म्हणजे एक माणूस.

चार वाजता फळा उलटा होऊनच सभेत गेला. पाठोपाठ तिघंही!

“हा काय चावटपणा?” मॅनेजर कडाडले. “कोणी केलं हे?”

“आम्ही!” बारकी म्हणाली. “नर्सबाईंच्या कागदाशी ताडून बघा!”

तो कागद आठवडाभर मॅनेजरांच्या टेबलावर पडून होता. कोणी उघडलाच नव्हता! सभेला आलेल्या नर्सबाईंनी तो मोठ्यानं वाचला. थोरले साहेब उठून फळ्यापाशी गेले आणि त्यांनी एकेक आकडा ताडून बघितला.

“नवा पंखा बसेपर्यंत कटाई बंद!” ते म्हणाले. मग पोरांकडे वळले. “शाब्बास! आम्ही नुसता रंग बघितला, तुम्ही मोजलंत.”

पेंटरकाकांनी तर ढब्बूला उचलूनच घेतलं. बारकी मात्र ब्रश धुऊन झाल्यावर पळत घरी आली.

कटाई बंद झाल्यामुळे आई आधीच घरी येऊन पायरीवर बसली होती. “काय गं, साहेबांनी पाठ थोपटली म्हणे!”

“आई, तू कुठल्या रंगात?”

आईला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाली, “काळ्या.”

बारकीला हुंदका आवरेना. आईनं तिला कुशीत घेतलं.

“पिवळ्यात किती जण गं?”

“पंचवीस.”

“त्यांच्यासाठी तरी वेळेत मोजलंस, पोरी,” आई म्हणाली.