ओर्तेन्सियाने जाळलेलं जू

पाव संपला होता म्हणून ओर्तेन्सिया सकाळीच चौकातल्या भट्टीवर गेली होती. परतताना चढावर दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही वेळा तिने मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार केला. रोमच्या घराला लिफ्ट होती, खाली बाजार होता, दोन गल्ल्या सोडून सख्खी बहीण होती. पण रुज्जेरोला निवृत्तीनंतर डोंगरावर दुसरं घर हवं होतं, आणि बायकोला विचारायची पद्धत त्याच्यात नव्हती. घर पाहावं बांधून म्हणतात. इथे आयतं दगडी घर घेऊनही छप्पर, नळ, चूल सगळं नव्याने करावं लागत होतं. निवांत बसायला म्हातारपण उरलं होतं, तेही धुळीत चाललं होतं.

ती घरात शिरली, तर जेवणाच्या टेबलाच्या वर, छताला बैलांचं जू टांगलेलं.

"कसं दिसतंय?" रुज्जेरो शिडीवरून म्हणाला. "खाली गोठ्यात सापडलं. दोन्ही टोकांना दिवे लावतो."

"नाताळला रोमला कधी निघायचं ते सांग."

"यंदा नाही जमायचं. छप्पर उघडं आहे. बहिणीला इकडे बोलाव की."

"तिचे गुडघे गेलेत, रुज्जेरो. तुला माहीत आहे."

"मग फोनवर बोला." तो उतरला, टोपी घातली आणि चौकात पत्ते कुटायला निघून गेला.

ओर्तेन्सियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यावर चालवता येत नव्हती ती करवत तिने जुवावर चालवली. दोन तुकडे करून चुलीत घातले. लाकूड जुनं, वाळलेलं, तरी बराच वेळ धरेना. धरलं तेव्हा घरभर वास सुटला. लाकडाचा नव्हे, केस आणि कातडं जळाल्याचा. आणि पायाखाली, कित्येक वर्षं रिकाम्या पडलेल्या गोठ्यात, कुणीतरी नाकातून जोरात हवा सोडली...

त्या वासामागोमाग शेजारची कार्मोझिनामावशी आली. ऐंशी उलटलेली बाई, दार वाजवायची सवय नसलेली. तिच्या पाठोपाठ विसरलेला चष्मा न्यायला रुज्जेरोही आला.

"काय जाळलंत?" मावशीने विचारलं.

रुज्जेरोने छताकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"जू," तो म्हणाला. "मी जाळलं. सरपण ओलं होतं."

"ज्याखाली मुक्या जनावरांनी जन्मभर मान दिली ते जाळलंत?" म्हातारीचा आवाज चढला नाही, खाली गेला. "लेकरालाही कळतं इथे. जू जाळणाऱ्याचा जीव सुखासुखी जात नाही. माझ्या दिरानेही जाळलं होतं, द्राक्षांच्या तोडणीला अंथरुणाला खिळला तो ईस्टरपर्यंत तडफडत होता. उशीखाली दुसरं जू ठेवलं तेव्हा सुटला. आणि असल्या माणसाला आपलं जू कोण देतंय?"

"म्हणजे मी मरतच नाही, मावशी. बरंच झालं."

"हसा," ती म्हणाली आणि गेली.

"माझं पाप अंगावर घ्यायला कुणी सांगितलं होतं तुला?" ओर्तेन्सिया उसळली.

"पाव आणायला रोज गावात तुला जायचं असतं. मला काय, बोलले नाहीत तरी पत्ते वाटतील."

हेच तिला सहन होत नसे. आयुष्यभर मनाला येईल ते करायचं आणि मधूनच असा एखादा उपकार डोक्यावर ठेवायचा, की भांडायचीही सोय उरू नये. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. पत्तेही वाटले नाहीत. तो तक्रार न करता छपरावर चढून कौलं लावत राहिला.

तेव्हापासून भर दुपारी गोठ्यातून रवंथ केल्याचा आवाज येऊ लागला. संथ, ओला, घाई नसलेला. रुज्जेरोला तो ऐकू येत नसे. एकदा ती संतापून झाडू घेऊन खाली गेली. गोठा रिकामा. तिने गव्हाणीत हात घातला. दगड कोमट होता, आणि हाताला लाळ लागली.

"नीघ," ती अंधाराला म्हणाली. "माझं घर आहे हे."

आवाज क्षणभर थांबला... आणि पुन्हा सुरू झाला.

फेब्रुवारीत गाव धुक्यात बुडालं. छपरावरून उतरताना रुज्जेरोच्या छातीत कळ आली. खालच्या खोऱ्यातून डॉक्टर आला, नाडी धरून बसला आणि म्हणाला, हलवू नका, आता हे फार काळ नाहीत. रीतीप्रमाणे गावातल्या बायका जपमाळा घेऊन भिंतीशी बसल्या. प्रार्थना म्हणत होत्या, पण डोळे पलंगावर. हा किती दिवस काढतो ते बघायला आल्यात मेल्या, हे ओर्तेन्सियाला स्वच्छ कळत होतं. तशीच धुक्यातून ती मावशीच्या दारात गेली.

"तुमच्याकडे जू आहे. द्या मला."

"ते माझ्या उशीसाठी ठेवलंय, बाई."

"मावशी, हात जोडते."

मी जाळलं, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. पण भोग जाळणाऱ्याला असतो की कबूल करणाऱ्याला, हे तिला कुठे ठाऊक होतं? खरं ऐकून म्हातारीने जू दिलंच नाही तर? तिने जोडलेले हात तसेच धरून ठेवले.

"माणूस वाईट नाही," मावशी अखेर म्हणाली. "तोंडावर कबूल तरी केलं." आणि तिने शालीखाली जू घेतलं.

दोघी खोलीत शिरल्या. रुज्जेरोने डोळे उघडले, जुवाकडे पाहिलं.

"अरे वा..." तो पुटपुटला. "दिवा छान होईल याचा."

त्याने श्वास सोडला. दुसरा घेतला नाही. चढ संपल्यावर माणूस हातातली पिशवी खाली ठेवतो, तसा गेला. जू अजून मावशीच्या हातातच होतं, पलंगाला लागलंही नव्हतं.

जपमाळा थांबल्या.

"गेला..." कोपऱ्यातली एक म्हणाली. "इतका सहज?"

सगळ्या माना हळूहळू ओर्तेन्सियाकडे वळल्या. मावशीची सगळ्यात शेवटी.

"मग जाळलं कुणी गं?"

ओर्तेन्सिया मेलेल्या नवऱ्याकडे पाहत राहिली. इतके महिने झाकलंस आणि एका श्वासात उघडं पाडलंस. थोडं तरी तडफडायचं होतंस... असं तिच्या मनात आलं आणि स्वतःच्याच रागाचं तिला भय वाटलं. बायका एकेक करून उठल्या. कुणी तिला मिठी मारली नाही, कुणी गालाला गाल लावला नाही. मावशीने जू शालीत गुंडाळलं आणि जिना उतरू लागली.

"मावशी..." ओर्तेन्सिया कठड्याशी धावली. "माझ्या वेळी आणाल ना?"

म्हातारी थांबली. तिच्या तोंडावर राग नव्हता.

"मी कुठे असणार गं तेव्हा?"

दार लागलं. खालचं रवंथही थांबलं होतं. मग गोठ्यातल्या फरशीवर आधी पुढचे गुडघे टेकल्याचा आवाज आला, मग मागचे, आणि काहीतरी फार जड अंग सुस्कारा टाकून निवांत खाली बसलं.