टेपचं दुसरं टोक

भुताची गोष्ट सांगा म्हणता आणि मग झोपताना दिवा चालू ठेवा म्हणता. तुम्हा भाच्यांचं हे नेहमीचंच आहे. सांगतो, पण मधेच कुणी पाणी प्यायला उठायचं नाही.

माझा साडू तुम्हाला माहीत आहे. नगरपालिकेचा कुठला विभाग कुठे बसवायचा, टेबलं कशी लावायची, रांगेतल्या लोकांना उभं राहायला किती जागा सोडायची, हे आखून देणं त्याचं काम. कुणाच्या घरी पाहुणा गेला तरी आधी डोळ्यांनी खोली मोजणार. थापा मारणं त्याला जमत नाही, ते खातं माझ्याकडे आहे. म्हणून तर ही गोष्ट मी त्याच्याकडून ऐकली तेव्हा मला हसू आलं नाही.

मागच्या वर्षी मार्चमधला शेवटचा शनिवार. अमावास्या वगैरे काही नव्हती, उगाच चेहरे करू नका. गावभर विखुरलेली कार्यालयं एका नव्या इमारतीत जायची होती. फरशीवर खडूने प्रत्येक टेबलाची चौकट आखून ठेवायची, म्हणजे हमाल येतात आणि टेबल चौकटीत ठेवून मोकळे होतात, अशी साडूची पद्धत. हमाल रविवारी सकाळी येणार होते आणि फरशीवाल्यांनी हॉल सोडला तोच संध्याकाळी. म्हणून जेवण आटोपून रात्री नऊ वाजता साडू टेप आणि खडू घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेला.

जेवण आटोपून म्हणायचं आपलं. ताट तसंच ठेवून उठला होता तो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या हॉलमध्ये एक टेबल काही केल्या बसत नव्हतं, आणि वरिष्ठांनी बजावलं होतं की ज्या पदाला टेबल नाही ते पद रद्द. रिकामं पद एकच होतं. तिथला कारकून हिवाळ्यात अचानक गेला होता. त्याला सगळे शाईवाले म्हणत. जन्मभर लोकांचे अंगठे उठवून घेता घेता त्याचा स्वतःचा अंगठा कायमचा जांभळा झाला होता. त्याच्या जागेवर त्याच्या बायकोला घ्यायचं ठरलं होतं. घरात दोन शाळकरी पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. त्याच दुपारी ती साडूकडे आली होती. कुठल्याही कोपऱ्यात चालेल, पण एक टेबल बसवा, एवढंच म्हणाली.

"वहिनी, मी टेबलं मांडतो," साडू तिला म्हणाला. "भिंती सरकवता येत नाहीत मला."

ती मान हलवून गेली. साडूला संध्याकाळभर स्वतःचाच राग येत राहिला.

तर हॉल. जिन्याच्या बाजूला एक दिवा लागत होता, पलीकडचं टोक अंधारात. लांब टेप एकट्याने धरता येत नाही. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. साडूने खालच्या वॉचमनला वर बोलावलं, टेपची कडी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं की भिंतीला टेकवून धर, धरलीस की एक झटका दे. वॉचमन कडी घेऊन अंधारात गेला. झटका आला. साडू गुडघ्यावर बसून आखायला लागला.

काम झकास चाललं. हा म्हणायचा, जरा डावीकडे. टेप डावीकडे. थोडी सैल सोड. टेप सैल. पलीकडून हूं नाही की चूं नाही. साडूला वाटलं, इतका शहाणा मदतनीस जन्मात मिळाला नव्हता.

शेवटची रांग राहिली. त्याने माप वाचलं. पुन्हा वाचलं. जागा एका टेबलाने कमीच.

"नाही बसत," तो अंधाराकडे बघून म्हणाला. "शाईवाल्यांचंच टेबल जाणार शेवटी."



मग टेप हलली.

त्याच्या हातातल्या डबीतून हळूहळू बाहेर निघाली. कुणीतरी ओढत होतं. सावकाश... भिंतीच्या दिशेने. साडू म्हणाला, अरे, पुढे भिंत आहे, कुठे चाललास? टेप चालतच राहिली. मग थांबली. झटका आला.

त्याने आकडा वाचला. बरोबर एका टेबलाची जागा जास्त.

तेवढ्यात मागे जिन्यावर पावलं वाजली.

"साहेब," वॉचमन धापा टाकत म्हणाला, "माफ करा हां. फाटकावर गाडी आली म्हणून मघाशीच पलीकडच्या जिन्याने खाली गेलो. कडी खिळ्याला अडकवून ठेवली होती."

वॉचमनने बॅटरी मारली.

खिळा रिकामा होता.

टेप खिळ्याच्या पुढे गेली होती. भिंतीत. पांढऱ्या भिंतीत बोटभर फट होती... टेप त्या फटीतून आत.

डबी अजून साडूच्या हातात. टेप ताठ.

एक झटका आला...

मग टेप सैल पडली.

दोघं जिना कसे उतरले ते त्यांना आठवत नाही.

सकाळी हमालांना सोबत घेऊन साडूने ती भिंत ठोकून पाहिली. पोकळ. ठेकेदाराने सामान ठेवायला खिडकीजवळचा कोपरा प्लायवूडने बंद केला होता, रंगवाल्याने त्यावरही पांढरा हात फिरवला होता, आणि साडूने नकाशा करताना त्यालाच भिंत धरलं होतं. प्लायवूड काढलं. आत कित्येक महिन्यांची धूळ, तिच्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. टेपची कडी खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठेवलेली.

टेबल तिथे बसलं. बाईंना नोकरी लागली.

साडूने ती टेप पुन्हा हातात धरली नाही, माझ्याकडे टाकली. ही बघा. लाव रे बॅटरी. इथे, कडीच्या शेजारी. दोनदा घासली मी, जात नाही.

मला पटेना म्हणून ती घेऊन मी कार्यालयात त्या बाईंकडे गेलो होतो. काही सांगितलं नाही, नुसती पुढे केली. तो जांभळा अंगठा त्यांनी कितीतरी वेळ पाहिला. मग मला म्हणाल्या, पण रागावल्या होत्या दुसऱ्याच कुणावर.

"साबणाने हात धुवा म्हणून रोज सांगायचे मी ह्यांना."

आणि टेप गुंडाळून माझ्या हातात देऊन त्या आपल्या टेबलाशी जाऊन बसल्या.