पुढचं डावं चाक

ती गाडी आमच्या गॅरेजसमोर थांबली, पण गॅरेजची पाटी वाचून नव्हे. पुढच्या डाव्या चाकातून धूर निघत होता म्हणून थांबली. मी जेवणाचा डबा उघडला होता, पहिला घास घेणार तेवढ्यात जळका वास आत आला. ब्रेक तापल्याचा वास मी झोपेतही ओळखते. डबा झाकला आणि बाहेर आले.

बाहेर एक माणूस बाटलीतलं पाणी चाकावर ओतायच्या बेतात होता.

"ओतू नका," मी म्हणाले. "तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होईल."

"मग या पाण्याचं काय करू?"

"प्या. घाम फुटलाय तुम्हाला."

आणि तो निमूटपणे प्यायला. पाऊस बारीक भुरभुरत होता, त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते... आता मला काय गरज होती तिकडे बघायची? पण बघितलं.

"पुढच्या चौकापर्यंत जाईल एवढंच करून द्याल?" त्याने विचारलं.

"तिथे काय आहे?"

"भंगारवाला."

गाडी साधारण माझ्याच वयाची असेल. पण सीटवर एक डाग नाही, काचा लख्ख. डाव्या दारावर मात्र लांबच लांब ओरखडा होता.

"भंगारात जाणारी गाडी इतकी कोण पुसतं?"

"आई," तो म्हणाला. "आज सकाळीही पुसली." मग नजर चुकवत त्याने बाकीचं सांगितलं. मागच्या महिन्यात आईने गाडी फाटकाच्या खांबाला घासली. दादा म्हणाला, वय झालं, आता गाडी बंद. यानेही मान डोलावली. "माझं चष्म्याचं दुकान आहे. आईचे डोळे मीच तपासले, उत्तम आहेत. म्हणजे हातच चुकला असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. ती म्हणत होती, गाडीच ओढते... पण..."

"पण कोणी ऐकलं नाही."

"नाही. मग तिने किल्ली टेबलावर ठेवली. तेव्हापासून ती घरात फारशी बोलतच नाही."

"खांब डावीकडे होता का?"

"हो. का?"

"गाडी आत घ्या," मी म्हणाले. "ढकलत. मी मागून लावते जोर."

बाबा दाराशी स्टुलावर बसले होते. त्यांचा गुडघा कामातून गेल्यापासून ते तिथे बसतात आणि माझ्या चुका काढतात. आज मात्र त्यांनी आधी त्या चष्मेवाल्याला नीट न्याहाळलं, मग मला.

चाक गार झाल्यावर मी गाडी जॅकवर घेतली. उजवं चाक हाताने गरगर फिरलं. डावं हलेना. पेडलवर पाय नाही, तरी ब्रेक धरलेलाच. मागे कुठल्याशा गॅरेजने ब्रेकचे पॅड तेवढे बदलून दिले होते म्हणे. मी ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू पान्ह्याने जरा सैल केला, तशी ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली, थेट माझ्या बाहीवर, आणि चाक सुटलं.

"हे बघा." मी त्याला खाली वाकायला लावलं. "ही ब्रेकची रबरी नळी. बाहेरून ठणठणीत दिसते, आतून सुजलीये. पाय दिला की तेल जोरात पुढे जातं, पाय काढला की परत यायला वाटच नाही. मग चाक आवळलेलं राहतं आणि गाडी त्या बाजूला ओढते."

"डावीकडे..."

"डावीकडे. तुमची आई बरोबर बोलत होती."

तो माझ्या हत्यारांच्या पेटीवरच बसला. "मी तिला काय म्हणालो माहितीये? आई, वय सगळ्यांचंच होतं."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण त्याचा चेहरा इतका पडला होता की मी हात धुतले आणि माझा अर्धा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"घरी जाऊन सांगा आता."

"नुसतं सांगून दादाला पटणार नाही, आणि आईला ते पुरणार नाही," तो म्हणाला. "गाडी नीट करून किल्ली तिच्या हातात देतो. भंगारवाला गेला खड्ड्यात."

एवढ्या जुन्या गाडीच्या नळ्या चटकन मिळतात थोड्याच? मी चार ठिकाणी सांगून ठेवलं. चष्मेवाला रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचा.

"नळ्या आल्या?"

"फोन केला असता तर सांगितलं असतं."

"फोनवर वास येत नाही ना."

"कसला वास?"

"ब्रेक ऑइलचा," तो गंभीरपणे म्हणायचा आणि बाबा उगाचच खोकायचे.

एकदा त्याने बाबांच्या चष्म्याची ढिली काडी खिशातल्या इवल्याशा स्क्रूड्रायव्हरने घट्ट करून दिली. किती हलकी बोटं... मी बघतच राहिले आणि हातातला पान्हा पायावर पाडून घेतला.

शेवटी नळ्या आल्या. दोन्ही बाजूंच्या बदलल्या. आता ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायची होती आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली स्क्रू उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, स्क्रू आवळायचा, आणि मगच पेडल सोडायला सांगायचं. आधी सोडलं की हवा परत आत.

"बसा," मी त्याला म्हणाले. "मी सांगेन तसंच करायचं. दाबा... धरा... हं, सोडा."

छान चाललं होतं. बुडबुडे कमी होत आले होते.

"बाबांचा गुडघा दुखतो, मग एरवी कोण बसतं इथे?" त्याने वरून विचारलं.

"शेजारचे शिंपीकाका. दाबा."

"आणि कायमचं कोणी... बघितलंय का?"

"सोडा," मी म्हणाले.

स्क्रू मी आवळलाच नव्हता. नळीतून गुळगुळ करत हवा आत गेली. इतकी वर्षं हे काम करतेय, ही चूक कधी केली नव्हती.

"आज काय झालंय काय तुला?" बाबा स्टुलावरून म्हणाले. त्यांना पक्कं माहीत होतं काय झालंय ते.

पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, त्याने परत विचारलं नाही. गाडी सरळ धावली, सरळ थांबली. तो आभार मानून निघून गेला. मला वाईट वाटलं. खरं सांगते, फार वाईट वाटलं. काम चोख केलं की माणसाला परत यायचं कारण उरत नाही.

आठवडा गेला. मग एका दुपारी ओळखीचा हॉर्न वाजला. स्टिअरिंगवर पांढऱ्या केसांच्या बाई होत्या आणि शेजारी चष्मेवाला. बाईंनी आमच्या अरुंद दारातून गाडी एका दमात आत घेतली, दोन्ही बाजूंना वीतभरच जागा ठेवून.

"चूक माझी नाही, गाडीची आहे, असं सांगणारी मुलगी तूच ना?" उतरता उतरता त्या म्हणाल्या. "थोरल्याला काल सगळ्या गावातून फिरवून आणलं. गप्प बसला होता. आणि हा धाकटा, जेवताना टेबलाखाली पाय दाबतो, धरतो, सोडतो. विचार त्याला, काय चाललंय." एवढं बोलून त्या बाबांशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

तो कानापर्यंत लाल झाला होता.

"गाडीचं काही काम निघालं?" मी विचारलं.

"नाही. ब्रेक उत्तम आहेत. आठवडाभर कारण शोधत होतो यायला, सापडलं नाही. म्हणून कारणाशिवाय आलो. मला तुम्ही आवडता. गाडी सुटली, तरी मी इथेच अडकलोय."

जॅकवर दुसऱ्याच कोणाची तरी गाडी होती, हवा काढायचीच राहिली होती. शिंपीकाकांना मी हाक मारणार होते. नाही मारली.

"बस आत," मी म्हणाले. 'बसा' म्हणायचं राहूनच गेलं.

तो बसला. मी चाकापाशी वाकले.

"दाब... धर." बुडबुडे गेले. या वेळी स्क्रू आधी घट्ट आवळला. मग चाकाआडूनच म्हणाले, "मलाही तू आवडतोस. आता सोड."

पेडल वर आलं नाही.

"ऐकू आलं ना?"

"आलं," तो आतून म्हणाला. "अजून एकदा म्हण, मग सोडतो."