नापास बटणांचा कौल

"आमच्या मतपेटीत लबाडी झालीय," मुकादम म्हणाले. "आणि लबाड कोण ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या."

"माहीत असेल तर पोलिसांकडे जा," वहिनी म्हणाल्या. "नसेल तर खुर्चीवर बसा."

मुकादम बसले.

या वहिनी खाजगी तपासाचं काम करीत. विमा कंपनीतून निवृत्त झालेले त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, त्यांना मदत करीत. मदत म्हणजे पिशवी धरणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं. दुसऱ्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

मुकादमांनी हकीकत सांगितली. ते बटणांच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. एका वाईट वर्षी मालकांनी कामगारांना बोनसऐवजी शेअर दिले होते, आणि तेव्हापासून निम्मा गाव भागधारक होता. आता बाहेरची एक मोठी कंपनी कारखाना घ्यायला निघाली होती. मालकांनी आपले शेअर केव्हाच विकून टाकले. उरलेला कौल या लहान भागधारकांच्या हाती होता. विकायचे तर सगळ्यांनी, नाही तर कोणीच नाही, असं त्यांच्या मंडळानं ठरवलं आणि मत घेतलं.

"मत बटणानं घेतो आम्ही. पहिल्यापासून," मुकादम म्हणाले. "पांढरं म्हणजे विकू नका, काळं म्हणजे विका. थोडक्यात काळं जिंकलं. अगदी थोडक्यात! आणि मी घरोघर जाऊन विचारलंय, जो तो म्हणतो मी पांढरंच टाकलं. मग काळी आली कुठून?"

"लबाड कोण म्हणता?"

"मंडळाचा चिटणीस. पोरपणापासूनचा मित्र माझा. विकावं असं उघड म्हणणारा तो एकटाच. उद्या संध्याकाळी तक्रारीची मुदत संपते. त्याच्या आत मी त्याच्यावर तक्रार ठोकणार, आणि मतदान रद्द करून घेणार."

"चिटणीसच," भाऊजी पिशवी उचलत म्हणाले.

*

कारखान्याच्या जुन्या उपाहारगृहात मतदान झालं होतं. पेटी गोदामवाल्यानं कुलपात ठेवली होती. त्यानं ती आणून टेबलावर पालथी केली.

भाऊजींनी मूठभर बटणं उचलली. सगळी निस्तेज, एकालाही चकाकी नाही. काळ्यांपैकी कशाला टवका गेलेला, कशाची भोकं तिरकी, कशाची कड फुगलेली.

"असली कसली हो बटणं?"

"नापास माल," गोदामवाला हसला. "मतदानाला चांगला माल कोण वाया घालवतो? तपासणीच्या मेजावर नापास झालं की बटण पॉलिशला जात नाही, या पोत्यात येतं. मतदानादिवशी मी दारात बसतो. पोत्यात हात घालून, फक्त रंग बघून, प्रत्येकाला एक पांढरं, एक काळं देतो. पडद्यामागं जाऊन हवं ते पेटीत टाकायचं, नको ते परत पोत्यात."

"पोत्यात चांगलं बटण सापडतच नाही?" वहिनींनी विचारलं.

"सापडतं की. कामाची पाळी संपत आली की मेजावरच्या बायकांना घरची ओढ लागते. मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. पण शोधायला बसावं लागेल."

वहिनी पांढरी बटणं एकेक करून न्याहाळू लागल्या. त्यांनी त्यांचे दोन ढीग केले, एक मोठा, एक अगदी लहान. भाऊजींनी दोन्हींकडे नीट पाहिलं. त्यांना दोन्ही पांढरेच दिसले.

"मतदान संपल्यावर पेटी कुठं होती?"

"शेजारच्या गोदामात. पोतंही तिथंच. चहा झाल्यावर मोजायचं ठरलं होतं. पेटीला कुलूप कधीच नसतं, पण गोदामाची किल्ली माझ्याकडं होती. चहासाठी उघडलं तेवढंच."

"आत कोण कोण गेलं?"

"मी. खुर्च्या काढायला चिटणीस. आणि कपबशा काढायला काकू, मुकादमांच्या घरच्या."

वहिनी गोदामात जाऊन उभ्या राहिल्या. दिवा बरेच दिवस बंद होता. झरोक्यातून येणाऱ्या उजेडात त्यांनी एक पांढरं आणि एक काळं बटण तळहातावर धरलं.

"भाऊजी, पांढरं कुठलं?"

"हे. इतकाही आंधळा नाही मी."

"आणि टवका कुठल्याला आहे?"

भाऊजींनी डोळे बारीक केले, तळहात नाकाशी नेला आणि म्हणाले, "बाहेर चला, मग सांगतो."

*

चिटणीस पूर्वी कारखान्यात हिशेबनीस होते. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"त्यानं पाठवलं ना? हो, मी काळं टाकलं. अख्ख्या गावात तोंडानं कबूल करणारा मी एकटा. पेटीला मी हात लावलेला नाही."

"तुम्ही मालाच्या खात्यात कधी काम केलंत?"

"छे! माझी सगळी नोकरी आकड्यांत गेली. बटण मी फक्त शर्टाला बघितलं." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "त्याला म्हणावं, तक्रार कर खुशाल. पण शाळेपासून एका बाकावर बसलो आपण. एकदा येऊन मला विचारायचं तरी होतंस."

रस्त्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले, "नाटक चांगलं करतो."

वहिनी पुढं चालत राहिल्या. वाटेत भेटलेल्या चार-सहा भागधारकांना त्यांनी विचारलं. शिंपी, दूधवाला, निवृत्त परिचारिका, सगळ्यांनी पांढरंच टाकलं होतं. सगळ्यांनी ते आपल्या चपलांकडं बघत सांगितलं.

मुकादमांच्या घरी काकू मसूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांना बसवलं, प्रवासाची चौकशी केली, वहिनींच्या साडीचं कौतुक केलं. एवढ्या वेळात त्यांची नजर ताटाकडं गेली नाही. बोटं मात्र चालू होती, खडा लागला की बाजूला टाकत होती.

"तुम्हीही कारखान्यात होता?" वहिनींनी विचारलं.

"तपासणीच्या मेजावर. लग्नही तिथंच जमलं आमचं. हे सारखे माल बघायच्या निमित्तानं मेजाशी यायचे." काकू लाजल्या. "आता निवृत्त झाले तरी कारखाना काही सुटत नाही. रोज फाटकावर जाऊन बसतात."

भाऊजींना ही माणसं फार आवडली. अशा सरळ माणसाला मित्रानंच गंडवावं याचा त्यांना मनापासून राग आला.

*

"सगळ्यांना बोलवू या का?" दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी उत्साहानं विचारलं. "चिटणीस, गोदामवाला... सगळ्यांसमोर उलगडा!"

"नको. ज्याच्या घरचं आहे त्याच्या घरातच राहू दे."

मुकादम तक्रारीला निघायच्या तयारीत होते. वहिनींनी त्यांना बसायला लावलं, काकूंनाही बोलावलं, आणि पांढऱ्या बटणांचे ते दोन ढीग टेबलावर मांडले.

"मुकादम, लबाडी झाली हे खरं. पण काळी बटणं बघा. सगळी नापास, टवके गेलेली. गोदामवाला फक्त रंग बघून वाटतो, तेव्हा पोत्यातून असलीच येणार. म्हणजे काळी मतं खरी आहेत. या लहान ढिगातली पांढरीही तशीच. आता हा मोठा ढीग. यातल्या एकाला तरी दोष दाखवा."

मुकादमांनी एक बटण उचललं. कडेवरून बोट फिरवलं. दुसरं उचललं. तिसरं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चांगली आहेत सगळी," ते पुटपुटले. "पण मग... बाहेरून आणली असतील."

"बाहेरच्या बटणांना पॉलिश असतं. यांना नाही. ही पोत्यातलीच आहेत, चुकून नापास झालेली, एकेक निवडून काढलेली. जितकी पांढरी घातली तितकीच काळी काढून पोत्यात टाकली, म्हणून मोजणी जुळली."

"अहो, पण लबाडी करणारा चांगली बटणं कशाला निवडील?" भाऊजींना राहवेना. "आली हाताला ती टाकली की झालं!"

"तेच तर. मुद्दाम निवडलीच नाहीत, भाऊजी. त्या अंधारात तुम्हाला टवका दिसला नाही, कोणालाच दिसला नसता. तो बोटांना कळला. जन्मभर नापास बटण बाजूला टाकत आलेल्या बोटांना. घाईत, घाबरलेली असतानाही ती आपलं काम करत राहिली. चिटणीसांना बटणातलं काही कळत नाही. गोदामवाला न निवडता मूठ भरतो. आत गेलेलं तिसरं माणूस एकच."

भाऊजींनी काकूंकडं पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

"हिनं?" मुकादम म्हणाले. "पण ही तर पांढरी आहेत! माझ्या बाजूची! मग मला जिंकवलं का नाही?"

काकूंनी पदरानं हात पुसले. "जिंकवायचं नव्हतंच मला. लोकांचा निर्णय लोकांचा. मी आधी नुसती पेटी उघडून बघितली. आत नुसतं काळं होतं हो. हा लहान ढीग दिसतोय ना, तेवढीच तुमच्याबरोबरची. तोंडावर तुम्हाला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती, म्हणून सगळे हो हो करत होते. सगळ्यांसमोर तो आकडा वाचला असता तर तुम्ही कोलमडला असता. थोडक्यात हरलो म्हटल्यावर माणूस दोन दिवस चडफडतो आणि जेवायला बसतो. वाटलं, तेवढी अब्रू राखावी."

"आणि थोडक्यात हरलो म्हणूनच मला संशय आला," मुकादम म्हणाले.

"कालपासून बोलणार होते. तुम्ही चिटणीसभाऊजींचं नाव घेतलंत तेव्हाच बोलायला हवं होतं. धीर झाला नाही. चूक झाली माझी."

मुकादम लहान ढिगाकडं बघत राहिले. पेटीत लबाडी झाली याचं दुःख केव्हाच मागं पडलं होतं. ज्यांच्यासाठी ते घरोघर फिरले, त्यांतलं कोण या ढिगात होतं आणि कोण नव्हतं, हे आता कधीच कळणार नव्हतं. भाऊजींना त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण ते जागचे हलले नाहीत.

"यातलं तुझं कुठलं?" मुकादमांनी अखेर विचारलं.

काकूंनी तो ढीग हलकेच बाजूला सारला.

"यात नाही माझं."

"म्हणजे?"

"मी काळं टाकलं. तुमचं आयुष्य त्या कारखान्यानं नेलं, आता म्हातारपणही फाटकावर चाललंय. मला शेअर नकोत, पैसेही नकोत. मला तुम्ही घरी हवे होतात."

मुकादमांनी बायकोकडं पाहिलं. मग खिशातला तक्रारीचा कागद काढून फाडला आणि उठून चपला घातल्या.

काकू घाबरल्या. "कुठं निघालात? फाटकावर?"

"चिटणीसाकडं," ते म्हणाले. "माफी मागायची आहे. एकट्याच्यानं व्हायचं नाही, तूही चल."