सात वेळा मेलेला माणूस

बेकरीत मी चिमट्याने गोड पाव उचलून ताटात ठेवत होते. मान वर केली, तर समोर तो. जिवंत!

“तुम्ही मंगळवारी मेलात ना?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याच्या ताटातला पाव घसरला, तो त्याने हवेतच झेलला. “नवव्या मिनिटाला. छातीत गोळी. पडलो कसा, ते सांगा की.”

“झकास पडलात. सातव्यांदा.”

“मोजता?” तो हसला... गालाला साखर लागलेली.

मोजतच होते. आमच्या बॉइल हाइट्स वस्तीतल्या चर्चच्या सभागृहात आम्ही पंधराजण रोज टीव्ही बघायचो, आणि मजेसाठी नाही. पडद्यावर आपलं माणूस आलं की तक्ता भरायचा. नाव आहे? बोलतो? काम काय? शेवटी जिवंत? प्रेम करतो? जे दिसलं तेच लिहायचं, मनाचं काही नाही, हा नियम. लॉस एंजेलिस जवळजवळ निम्मं आम्हा लॅटिनो लोकांचं, आणि पडद्यावर आम्ही कोण? मोलकरीण, माळी, नाहीतर मुडदा. शेवटचा रकाना तर कोराच. चारशे बारा माणसं, पण एकानेही कुणाचा हात धरला नव्हता. का, आमच्यात प्रेम उगवतच नाही?

त्याचं नाव एवारिस्तो लुहान. पडद्यावर ‘गुंड क्रमांक दोन’.

मग दर शनिवारी आम्ही एकाच वेळी पाव घ्यायला लागलो. योगायोगाने...

“तुमची आई बघते का हे?” मी एकदा विचारलं.

“बघते की! मी पिस्तूल काढलं की उठते, तव्यावरचा टॉर्टिया उलटायला जाते. गोळीचा आवाज झाला की परत येते. मग मला फोन— ‘जेवलास का रे तिथं?’”

मला हसू आलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच माझ्या केसांतलं जॅकरंडाचं जांभळं फूल काढलं, आणि परत दिलं नाही.

“गुरुवारी टीव्ही वाहिनीच्या साहेबाला भेटतोय आम्ही,” मी म्हणाले. “तो म्हणणार, तुमचेच नट ही कामं खुशीने करतात. तू ये. तोंडावर सांग.”

“अरे वा, ‘तू’ झालो?”

“विषय बदलू नकोस.”

“मारिसेला... त्याच वाहिनीने मला सात भागांचं काम दिलंय. नावासकट. रिको.”

“काय करतो हा रिको?”

“...शाळेबाहेर गर्द विकतो.”

“मग मर आठव्यांदा! तक्ता मीच भरीन.” पावांची पिशवी त्याच्या हातात कोंबून मी निघाले. डोळे भरून येत होते, आणि त्या रडू येण्याचाच राग जास्त येत होता.

गुरुवारी गुळगुळीत टेबल, गार पाणी, आणि साहेब अगदी तेच बोलला. “तुमच्या नटांची तर काही तक्रार नाही.”

तेवढ्यात दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. एवारिस्तो.

“हे कोण?”

“तुमच्याच वाहिनीवर सात वेळा मेलोय, साहेब. ओळखलं नाहीत? तीच तक्रार.” तो माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसला. “आणि रिको मी करत नाही. लिहून घ्या.”

आमच्या म्होरक्या ओफेलियाबाईंनी, चाळीस वर्षं पोरांचे कान पिळलेल्या मास्तरीणबाईंनी, चारशे बारा तक्ते टेबलावर आपटले. ग्लासातलं पाणी हिंदकळलं. तासाभराने साहेबाने सहीनिशी कबूल केलं: मालिका लिहिणाऱ्यांत आमची दोन माणसं घेणार.

“दोनच?” ओफेलियाबाई म्हणाल्या. “पुढच्या वर्षी येतो मोजायला.”

बाहेर ऊन होतं आणि फुटपाथभर जांभळी फुलं.

“काम गेलं तुझं,” मी म्हणाले.

“गेलं. आईचा टॉर्टिया आता जळणार, दुसरं काय!” त्याने हात पुढे केला. “कोरा तक्ता आहे?”

गाडीच्या टपावर ठेवून त्याने लिहिलं. नाव: एवारिस्तो लुहान. बोलतो: हो, जरा जास्तच. काम: शोधतोय. शेवटी जिवंत: हो!

शेवटच्या रकान्याशी पेन थांबलं...

“हा मी एकट्याने कसा भरू, मारिसेला?”

नियम म्हणजे नियम. दिसलं तेच लिहायचं.

मी आधी त्याचा हात धरला. मग पेन घेतलं.